कोलॅजन घ्यायचं की प्रोटीन पावडर? पहिल्यांदाच घेणाऱ्यांसाठी

मी मेडिकल चालवते. हल्ली काउंटरवर हा प्रश्न रोज येतो आणि विचारणारे सगळ्या तऱ्हेचे असतात, नुकतीच जिम लावलेली पोरं, केस गळतायत म्हणून आलेल्या मुली, गुडघ्यांनी बेजार झालेल्या काकू, मुलाने ऑनलाइन मागवलेला डबा पिशवीत घालून "ताई, हे मला चालेल का?" विचारणारे आजोबा. मागे रांग असताना उभ्या उभ्या हे नीट सांगता येत नाही, म्हणून एकदा बसून सगळं लिहितेय. ह्यात पैसे जातात आणि दर महिन्याला जातात, तेव्हा शांतपणे वाचा आणि मगच काय ते मागवा.

पायरी १: आपल्याला नक्की काय हवंय ते ठरवा

"सगळे घेतात म्हणून" किंवा "थकवा वाटतो म्हणून" एवढ्यावर डबा घेऊ नका. एका वाक्यात सांगता आलं पाहिजे. मसल वाढवायचेत, वजन कमी करतोय पण ताकद जायला नको, आजारातून उठलोय आणि जेवण जात नाही, वय झालंय आणि जिना चढताना मांड्यांत जोर राहिला नाही, वजन कमी करायची इंजेक्शनं चालू आहेत आणि भूकच मेलीय, ह्यातलं काही असेल तर तुमचा विषय प्रोटीनचा आहे. इथे कोलॅजनचा संबंध जवळजवळ नाही.

त्वचा कोरडी पडलीय, सुरकुत्या दिसायला लागल्यात, गुडघ्याचं दुखणं आहे, अशा कारणासाठी कोलॅजनचा विचार होऊ शकतो. "विचार होऊ शकतो" एवढंच म्हणतेय, का ते पुढे येईलच.

आणि केस. सगळ्यात जास्त कोलॅजन केसांसाठी विकलं जातं असं मला माझ्या दुकानावरून वाटतं, पण केस बनतात केराटिन नावाच्या वेगळ्या प्रोटीनचे, कोलॅजनचे नाही. मोठा ताप, बाळंतपण, ऑपरेशन किंवा एकदम केलेलं कडक डाएट ह्यानंतर दोन-तीन महिन्यांनी केस भराभर गळतात आणि बहुतेकांचे आपोआप थांबतातही. तसं काही झालेलं नसेल तर आधी हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरात साठवलेलं लोह), थायरॉइड, बी-१२ आणि डी व्हिटॅमिन तपासून घ्या. रक्तात लोह कमी असताना हजार-दीड हजाराची पावडर पीत बसलेल्या मुली बघितल्या की मला खरंच वाईट वाटतं, कारण तोवर तीन-चार महिने वाया गेलेले असतात आणि उपाय आयर्नच्या साध्या गोळीत होता.

पायरी २: दोन्हीतला फरक एकदा समजून घ्या

कोलॅजन हेसुद्धा प्रोटीनच आहे. आपल्या अंगात जेवढं प्रोटीन आहे त्यातलं साधारण ३० टक्के कोलॅजनच असतं, कातडी, हाडं, कूर्चा, सांध्याचे दोर, सगळीकडे. त्यामुळे "मग कोलॅजन घेतलं की प्रोटीन पण झालं आणि स्किन पण झाली" असा हिशोब लोक करतात आणि तो हिशोब चुकतो.

प्रोटीन बनतं अमिनो ॲसिडचं. त्यातली नऊ अशी आहेत की ती शरीराला स्वतः बनवता येत नाहीत, जेवणातूनच यावी लागतात. कोलॅजनमध्ये ह्या नवातलं ट्रिप्टोफॅन अजिबात नसतं, आणि मसल बनायला सुरुवात करून देणारं ल्युसिन फारच थोडं असतं, ३ टक्क्यांच्या आसपास. व्हे म्हणजे दुधातल्या प्रोटीनची पावडर, तिच्यात तेच ल्युसिन १० टक्क्यांच्या आसपास असतं. कोलॅजनमध्ये भरमसाट काय असतं तर ग्लायसिन आणि प्रोलिन, म्हणजे शरीर स्वतः बनवू शकतं अशा गोष्टी. प्रोटीनचा दर्जा मोजायची जी पद्धत आहे तिच्यात एकट्या कोलॅजनला शून्य गुण मिळतात, आणि दूध, अंडं ह्यांना पूर्ण.

म्हणून कोलॅजनच्या डब्यावर "१० ग्रॅम प्रोटीन" लिहिलेलं असलं तरी ते तुमच्या दिवसाच्या प्रोटीनमध्ये धरू नका. वेगळं ठेवा.

दुसरा गैरसमज म्हणजे पोटात गेलेलं कोलॅजन तसंच्या तसं गालावर किंवा गुडघ्यात जाऊन बसतं. तसं होत नाही, ते पचतं, त्याचे तुकडे होतात आणि ते रक्तात जातात. त्यातले काही छोटे तुकडे पेशींना कोलॅजन बनवायचा इशारा देत असावेत असं संशोधकांचं म्हणणं आहे, सगळी आशा त्याच्यावर आहे.

पायरी ३: ताट मोजा

ही पायरी सगळेजण टाळतात आणि माझ्या मते हीच सगळ्यात महत्त्वाची आहे. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०२० च्या शिफारशीप्रमाणे निरोगी माणसाला दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रोटीन लागतं. म्हणजे ६० किलोच्या माणसाला ५० ग्रॅम. साठी ओलांडलेल्यांना किलोमागे १ ते १.२ ग्रॅम असावं असं बरेच तज्ज्ञ सांगतात, आणि वजनं उचलून नियमित व्यायाम करणाऱ्यांना १.२ ते १.६. त्याच्यावर गेलात तर वाढीव फायदा फारसा मिळत नाही.

आता आपल्याकडचं साधं शाकाहारी ताट घ्या. सकाळी पोहे, ३-४ ग्रॅम. दोन कप दुधाचा चहा, ३ ग्रॅम. दोन्ही वेळच्या मिळून चार पोळ्या, १२ ग्रॅम. दोन वाट्या वरण, घट्ट असेल तर १० आणि आमच्या खानावळीतल्यासारखं पातळ असेल तर ५-६. दोन वाट्या भात, ५ ग्रॅम. पालेभाजी, फळभाजी मिळून ४. संध्याकाळची बिस्किटं, धरा १-२. झाले ४० च्या आत-बाहेर. म्हणजे ६० किलोच्या माणसाला रोज १० ग्रॅम कमी पडतायत, आणि तोच माणूस जिमला जात असेल तर ३० ते ५५ ग्रॅम कमी पडतायत. पोट मात्र भरलेलं असतं, म्हणून कळतच नाही.

हे कागदावर तीन-चार दिवस लिहा, एक रविवार पण धरा कारण रविवारचं जेवण वेगळं असतं. अंदाजे आकडा पुरतो, वजनकाट्याची गरज नाही.

मग आधी घरातूनच भरून काढा. एका अंड्यात ६ ग्रॅम, ५० ग्रॅम पनीरमध्ये ९, मोठी वाटी दह्यात ४-५, मूठभर फुटाण्यांत ६, मूठभर शेंगदाण्यात ७, वाटीभर मटकीच्या उसळीत ६-७, पोटभर पिठलं खाल्लं तर बेसनातून ८. सोया चंक्सना आपल्याकडे कोणी मान देत नाही पण कोरड्या १०० ग्रॅममध्ये ५० ग्रॅमच्या वर प्रोटीन असतं, ३० ग्रॅम भिजवून, पिळून रश्शात टाकले की १५ ग्रॅम आले. मासे-मटण खाणाऱ्यांचं तर सोपंच आहे, शिजलेल्या १०० ग्रॅम चिकनच्या छातीच्या भागात ३० ग्रॅम, आणि सुके बोंबील म्हणजे तर प्रोटीनचा साठाच, फक्त मीठ आणि बीपी सांभाळा.

पोळीसोबत डाळ, भातासोबत डाळ ही आपली जुनी जोडी पण चांगलीच आहे, धान्यात जे अमिनो ॲसिड कमी असतं ते डाळीत भरपूर असतं, त्यामुळे वरण पातळ करून भात वाढवण्यापेक्षा उलटं करा.

एवढं करूनही कमी पडत असेल, किंवा शिफ्टची नोकरी, होस्टेल, मेस, कॉलेजला पहाटे निघणं ह्यामुळे जमतच नसेल, तर पावडर घ्या आणि मनात काही किंतु न ठेवता घ्या. व्हे म्हणजे काही औषध किंवा स्टिरॉइड नाही, चीज आणि पनीर करताना जे पाणी उरतं त्यातलं प्रोटीन वाळवून केलेली पावडर आहे. आजोबांना मी हे असंच सांगते आणि त्यांची भीती जाते.

पायरी ४: कुठली प्रोटीन पावडर

व्हे कॉन्सन्ट्रेट बहुतेकांना पुरतं, त्यात ७० ते ८० टक्के प्रोटीन असतं आणि थोडी दुधातली साखर म्हणजे लॅक्टोज. दूध प्यायल्यावर पोट फुगतं, संडासला पळावं लागतं अशांनी आयसोलेट घ्यावं, त्यात ९० टक्क्यांपर्यंत प्रोटीन आणि लॅक्टोज नावापुरतं, पण किंमत जास्त. दुधाची ॲलर्जीच असेल तर दोन्ही नको, सोया किंवा मटारचं प्रोटीन बघा. सोयाचा दर्जा दुधाच्या जवळपास जातो, चव मात्र प्रत्येकाला आवडेल असं नाही.

मास गेनर म्हणजे वजन वाढवायची पावडर मी कोणाला सुचवत नाही. त्यात बहुतेक माल्टोडेक्स्ट्रिन म्हणजे स्टार्चपासून केलेली, साखरेसारखी झटकन पचणारी पावडर असते, प्रोटीन कमी. बारीक पोराला वजन वाढवायचं असेल तर केळं, दूध, शेंगदाण्याचा लाडू आणि दोन पोळ्या जास्त, हे स्वस्तात होतं.

पायरी ५: डबा उलटा करा आणि मागची बारीक अक्षरं वाचा

पुढच्या बाजूला जाहिरात असते, माहिती मागे असते. पहिलं बघायचं ते एका स्कूपचं वजन आणि त्यात प्रोटीन किती. ३० ग्रॅमच्या स्कूपमध्ये २४ ग्रॅम म्हणजे ८० टक्के, चांगलं. ४५ ग्रॅमच्या मोठ्या स्कूपमध्ये २४ ग्रॅम लिहिलं असेल तर उरलेलं काय आहे ते विचारा. मग घटकांची यादी, त्यात जे सगळ्यात जास्त ते पहिलं लिहिलेलं असतं, तेव्हा पहिलं नाव साखरेचं किंवा माल्टोडेक्स्ट्रिनचं असेल तर डबा परत जागेवर ठेवा.

यादीत सुटं ग्लायसिन किंवा टॉरिन दिसलं तर सावध. लॅबमध्ये प्रोटीन सरळ मोजत नाहीत, नायट्रोजन मोजतात आणि त्यावरून प्रोटीनचा आकडा काढतात. स्वस्त ग्लायसिन टाकलं की नायट्रोजन वाढतो, कागदावर प्रोटीन वाढतं, अंगाला काही लागत नाही. ह्याला अमिनो स्पायकिंग म्हणतात. काही "प्रोटीन ब्लेंड"मध्ये कोलॅजनच मिसळलेलं असतं, तिथे पण आकडा फुगतो, कारण वर सांगितलं तेच.

ह्या बाबतीत आपल्या देशातला एक अभ्यास सगळ्यांनी लक्षात ठेवावा असा आहे. २०२४ मध्ये मेडिसिन ह्या जर्नलमध्ये भारतात विकल्या जाणाऱ्या ३६ प्रोटीन सप्लिमेंटची तपासणी छापून आली, त्यातल्या सुमारे ७० टक्के डब्यांवरची प्रोटीनची माहिती चुकीची निघाली, १४ टक्क्यांत बुरशीचं विष अफ्लाटॉक्सिन आणि ८ टक्क्यांत कीटकनाशकाचे अंश सापडले. त्यामुळे "इंपोर्टेड आहे, भाईने दिलंय" हे ऐकून घेऊ नका. चौदा आकडी एफएसएसएआय (सरकारी अन्न सुरक्षा संस्था) नंबर पाहिजे, बाहेरचा माल असेल तर आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता छापलेला स्टिकर पाहिजे, झाकणाखालचं सील शाबूत पाहिजे, तारीख पाहिजे, बॅच नंबर पाहिजे. कंपनी त्या बॅचचा बाहेरच्या लॅबचा रिपोर्ट दाखवत असेल तर फारच चांगलं. सुटी पावडर पिशवीतून तर अजिबात नको, जिमच्या सरांनी दिली तरी नको. बक्षिसासाठी खेळणाऱ्या मुलांनी डोपिंगसाठी तपासलेलाच माल घ्यावा, नाहीतर भलत्याच कुठल्यातरी भेसळीमुळे करिअर अडचणीत येतं.

पायरी ६: कोलॅजन घ्यायचंच असेल तर

सगळ्यात आधी खूण बघा. कोलॅजन फक्त प्राण्यांपासून मिळतं, मासळीची कातडी आणि खवले, गाय-म्हैस वर्गातली जनावरं, डुक्कर, कोंबडी. एक माळकरी मावशी माझ्याकडे सुंदर गुलाबी डबा घेऊन आल्या होत्या, सुनेने प्रेमाने पाठवलेला, पंधरा दिवस दुधातून घेत होत्या आणि म्हणाल्या "ह्याला जरा वास येतो गं." डबा फिरवला तर मागे कोपऱ्यात चौकोनात तपकिरी त्रिकोण, आणि घटकांत पहिलंच नाव मरीन कोलॅजन पेप्टाइड. मासा म्हटल्यावर त्या काही बोलल्या नाहीत, डबा तसाच ठेवून गेल्या. मला आजही वाटतं, त्यांना हे डब्याच्या दर्शनी बाजूला मराठीत कळायला हवं होतं. तर चौकोनातला हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी, तपकिरी त्रिकोण म्हणजे मांसाहारी. बोवाइन म्हणजे गाय-म्हैस, पोर्साइन म्हणजे डुक्कर, मरीन म्हणजे समुद्रातलं. कोणाला भेट देताना पण हे बघा.

हिरव्या ठिपक्याचं "व्हेज कोलॅजन" मिळतं ते कोलॅजन नसतं. त्यात आवळा, व्हिटॅमिन सी, बायोटिन (बी गटातलं एक व्हिटॅमिन), सिलिका असं काहीतरी असतं आणि नावात बहुतेक वेळा "बिल्डर" असतं. व्हिटॅमिन सी शिवाय शरीराला धड कोलॅजन बनवता येत नाही हे खरंच आहे, पण त्यासाठी रोज एक पेरू किंवा एक आवळा खाल्ला तरी भागतं.

आता फायदा किती. त्वचेवरच्या अभ्यासांत रोज २.५ ते १० ग्रॅम हायड्रोलाइज्ड, म्हणजे आधीच छोटे तुकडे केलेलं, कोलॅजन ८ ते १२ आठवडे दिलेलं असतं, आणि ओलावा, लवचिकपणा थोडा सुधारल्याचं बऱ्याच अभ्यासांत दिसलं. पण २०२५ मध्ये अशा २३ चाचण्या एकत्र करून बघितल्या तेव्हा कंपन्यांच्या पैशावर झालेल्या चाचण्यांत फायदा दिसला आणि कंपन्यांचा पैसा नसलेल्यांत दिसला नाही. हे वाचल्यापासून मी ग्राहकाला स्पष्ट सांगते की पैसे सहज बाजूला निघत असतील तर तीन महिने घेऊन बघा, घरखर्चातून ओढून घेणार असाल तर नको. त्वचेसाठी त्याआधी सनस्क्रीन लावा आणि तंबाखू-सिगारेट सोडा, कारण ऊन आणि धूर हे दोघंही असलेलं कोलॅजन तोडतात. पाळी गेल्यानंतरच्या पहिल्या पाच वर्षांत त्वचेतलं कोलॅजन ३० टक्क्यांपर्यंत कमी होतं असं सांगतात, म्हणून पन्नाशीच्या बायकांना अचानक फरक जाणवतो. तो घाबरण्यासारखा नाही, पण त्या वयात हाडं आणि मसल पण झपाट्याने कमी होतात आणि तिथे प्रोटीन आणि वजनाचा व्यायाम जास्त कामाचा.

गुडघ्यांसाठी काहींना थोडा आराम पडतो. तिथे दोन वेगळे प्रकार मिळतात, पावडर ग्रॅममध्ये घ्यायची असते आणि टाइप २ ची न शिजवलेली, म्हणजे अनडिनेचर्ड गोळी फक्त ४० मिलिग्रॅमची असते, दोन्हीचा डोस एकमेकांशी ताडू नका. मांड्यांचा व्यायाम आणि वजन कमी करणं ह्याची जागा दोन्ही घेत नाहीत.

गमीज घेऊ नका. एका गमीत कोलॅजन नाममात्र आणि साखर जास्त, १० ग्रॅम पूर्ण करायला अर्धी बाटली लागेल.

पायरी ७: ह्या लोकांनी आधी डॉक्टरांना विचारायचं

किडनीचा आजार असेल, क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी) वाढलेलं असेल तर प्रोटीन पावडर स्वतःच्या मनाने अजिबात नाही. निरोगी किडनी प्रोटीनने खराब होते असं दिसलेलं नाही, पण डायबेटिस आणि बीपी असलेल्या अनेकांची किडनी बिघडलेली असते आणि त्यांना माहीतच नसतं, म्हणून आधी एक तपासणी करून घ्या. मुतखडा होऊन गेलेल्यांनी कोलॅजन जपून, त्यातल्या हायड्रॉक्सिप्रोलिनपासून शरीरात ऑक्झलेट बनतं आणि खडे बहुतेक त्याचेच असतात. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायका, लिव्हरचे पेशंट, लहान मुलं, ह्यांनी विचारूनच.

थायरॉइडची गोळी सकाळी उपाशीपोटी घेत असाल तर लगेच व्हे किंवा सोया पिऊ नका, गोळी नीट शोषली जात नाही, काही तासांचं अंतर ठेवा.

आणि एक गोष्ट जी फार कमी लोक सांगतात. कोलॅजनच्या बऱ्याच पावडरींत बायोटिन भरपूर टाकलेलं असतं. बायोटिनमुळे थायरॉइडच्या आणि हार्ट अटॅकच्या रक्ततपासणीचे रिपोर्ट चुकीचे येऊ शकतात, अमेरिकेच्या एफडीएने (तिथली अन्न-औषध नियंत्रण संस्था) २०१७ मध्येच हा इशारा दिलाय. म्हणून रक्त द्यायच्या आधी लॅबला आणि डॉक्टरांना सांगा की मी हे घेतो, किती दिवस बंद ठेवायचं ते ते सांगतील.

पायरी ८: घ्यायची पद्धत

पहिला आठवडा अर्धा स्कूपच. गॅस, पोट फुगणं बहुतेक वेळा एकदम पूर्ण डोस घेतल्याने होतं. शेकरमध्ये आधी पाणी, मग पावडर, नाहीतर तळाला गोळा बसतो. व्हे उकळत्या दुधात किंवा चहात टाकलं की गुठळ्या होतात, ते खराब झालेलं नसतं पण पिववत नाही, कोमट चालेल. कोलॅजन गरम चहा-कॉफीत छान विरघळतं. थालीपिठाच्या पिठात किंवा धिरड्यात बिनचवीची प्रोटीन पावडर टाकली तर आजी-आजोबा कुरकुर न करता खातात, हा आमच्या घरचा अनुभव.

व्यायामानंतर अर्ध्या तासातच घ्यायला हवं असा धसका घेऊ नका, दिवसभराची बेरीज महत्त्वाची. ज्या जेवणात प्रोटीन सगळ्यात कमी आहे तिथे घ्या, आपल्याकडे ते बहुतेक सकाळचा नाश्ता असतो. आणि व्यायाम न करता नुसतं प्रोटीन घेतलं तर मसल वाढणार नाहीत.

पायरी ९: डब्याची नाही, ग्रॅमची किंमत काढा

समजा १ किलो व्हे २५०० रुपयांना आणि ८० टक्के प्रोटीन, म्हणजे ८०० ग्रॅम प्रोटीन, ग्रॅमला तीन रुपयांच्या थोडं वर. अंडं ७ रुपयांना धरलं तर ग्रॅमला सव्वा रुपयाच्या आत. सोया चंक्स किलोला १५० रुपये धरले तर ग्रॅमला तीस पैशांच्या आसपास. २५० ग्रॅमचा कोलॅजनचा डबा १२०० ला आणि रोज १० ग्रॅम घेतलं तर तो २५ दिवसांत संपतो, रोजचे ४८ रुपये. तेवढ्यात रोज दोन अंडी, पाव लिटर दूध आणि एखादं फळ येतं. तुमच्या गावातले भाव टाकून हाच हिशोब करा आणि नवरा-बायको दोघांनी मिळून करा.

पहिला डबा सगळ्यात लहान घ्या, चव आवडली नाही तर नुकसान कमी. प्रोटीन सुरू केलंत तर महिन्यातून एकदा ताट परत मोजा, घरच्या जेवणातच भागायला लागलं तर पावडर बंद करा, एकदम बंद केल्याने काही होत नाही. कोलॅजन सुरू करताना एकाच खिडकीपाशी, एकाच वेळेला चेहऱ्याचा फोटो काढून ठेवा, गुडघ्यासाठी असेल तर किती पायऱ्या चढल्यावर दुखतं ते लिहून ठेवा. बारा आठवड्यांनी परत तसंच करा आणि घरातल्या दुसऱ्या कोणाला तरी दाखवून विचारा. फरक दिसत नसेल तर पुढचा डबा मागवू नका.